रुळवलेले बूट

माझ्या नवऱ्याचं नाव फलकावर लाल झालं त्या सकाळी तो तर्री-पोह्यांच्या दोन प्लेटा हाणून सरावाला आला होता. ज्याचं हृदय दगा देणार आहे असा माणूस इतक्या निवांतपणे खातो का, हा प्रश्न निदान एकाला तरी पडायला हवा होता. कुणालाच पडला नाही. फलक बोलला की माणसांनी गप्प बसायचं, ही सवय आम्हाला तोवर लागून गेली होती.

नवरा म्हणजे शंतनू वैरागडे, नागपूर माइलर्स या बास्केटबॉल संघाचा कप्तान. मी मीनल, त्याच संघाची फिजिओथेरपिस्ट. घरी बायको आणि मैदानावर मॅडम, अशी माझी दुहेरी नोकरी होती, आणि दोन्हीकडे तो माझं सारखंच कमी ऐकायचा. लीग सुरू झाल्यापासून आमचा संघ उपांत्य फेरीच्या पुढे कधी सरकला नव्हता. त्या वर्षी मात्र सगळं जमून आलं होतं. आमचे प्रशिक्षक बोरकुटे सर एरवी जिंकल्यावरही शिव्याच घालायचे, तेसुद्धा अधूनमधून गुणगुणताना दिसायचे.

त्याच वर्षी हिंगणा रोडवरच्या आमच्या स्टेडियममध्ये ‘कानोसा’ बसला.

कानोसा म्हणजे मैदानाखाली बसवलेली यंत्रणा. वरून पाहिलं तर तेच गुळगुळीत लाकूड आणि तेच रंगवलेले पट्टे. पण प्रत्येक फळीखाली वजन टिपणारे बारीक संवेदक होते. ते काय टिपतात हे समजायला घरचा जुना वजनकाटा पुरे. त्यावर कितीही स्तब्ध उभे राहा, काटा एका जागी थांबत नाही, बारीक थरथरत राहतो. ती थरथर आपल्या हृदयाची असते. दर ठोक्याला हृदय रक्त वर फेकतं, आणि बंदूक उडाली की खांद्याला मागे धक्का बसतो तसा शरीराला खाली अगदी हलका धक्का बसतो. डॉक्टरांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होतं. धावून दमलेल्या माणसाच्या थरथरीतूनही अर्थ काढायचं गणित मात्र आत्ता आत्ता जमलं. सरावाआधी आणि सामन्याआधी सगळे खेळाडू मिनिटभर निश्चल उभे राहायचे, आणि तेवढ्या वेळात जमीन प्रत्येकाच्या छातीचा कानोसा घ्यायची. कुठला पाय कुणाचा हे कळावं म्हणून बुटाच्या तळव्यात चिप बसवलेली असे.

यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा एक माणूस हंगामभर आमच्यासोबत होता. निहार सबनीस, पुण्याचा, बोलणं स्वच्छ आणि शर्ट त्याहून स्वच्छ. त्याचं एक वाक्य आम्हाला पाठ झालं होतं. तो म्हणायचा, “आम्ही खेळाडूची तुलना जगाशी करत नाही. त्याची तुलना त्याच्याशीच करतो.” मुद्दा खरा होता. खेळाडूचं हृदय चारचौघांपेक्षा मोठं आणि संथ असतं. सरासरीच्या पट्टीनं मोजलं तर निम्मा संघ आजारी निघेल. म्हणून पहिला महिना कानोसा नुसता शिकायचा. हा शंतनू, याचं असं. हा दुसरा, त्याचं तसं. पुढे त्यात फरक पडला की नाव लाल, फरक नसेल तर हिरवं.

लीगनं लगेच नियम केले. लाल नावाचा खेळाडू मैदानात उतरणार नाही, आणि बिनचिपेच्या बुटांना मैदान बंद. आमच्या व्यवस्थापनानं खेळाडूंच्या इसीजी आणि इकोच्या तपासण्या बंद केल्या, कारण जमीन रोज तपासत असताना दवाखान्यात रांगा कोण लावणार. खेळाडू तंदुरुस्त आहे असं मी सही करून द्यायची, ती सहीही गेली. मला राग आला, पण खरं सांगायचं तर जबाबदारी टळली म्हणून थोडं बरंही वाटलं.

दिवाळीनंतर शंतनूचं नाव लाल झालं. सबनीसनं आम्हाला दोघांना बसवून नीट समजावलं. लय मध्येच चुकते, दोन ठोके घाईघाईनं पडतात आणि तिसरा जवळजवळ पडतच नाही. अशी लय असलेला माणूस वर्षानुवर्षं ठणठणीत फिरतो आणि एक दिवस भर धावताना कोसळतो. आम्ही शहरातल्या मोठ्या रुग्णालयात गेलो. सगळ्या तपासण्या स्वच्छ निघाल्या. तिथले डॉक्टर म्हणाले, “आम्हाला काही सापडलं नाही. पण सापडलं नाही म्हणजे नाहीच, असं मी म्हणणार नाही. ही लय रोज दिसत नाही.” शंतनू पुन्हा मैदानावर उभा राहिला, तेव्हा कानोशालाही काही ऐकू आलं नाही. सबनीस म्हणाला की चोर काही रोज चोरी करत नाही. नाव लालच राहिलं.

त्यानंतर आमच्या घरात तो आजार तिसरा माणूस होऊन राहायला आला. मी शंतनूचा श्वास ऐकत बसायची आणि तो स्वतःचा ठोका. भाजीतलं मीठ मी कमी केलं. त्यानं तक्रार केली नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. जिना चढताना त्याची दोन बोटं आपोआप मनगटावर जायची. आम्ही त्या वर्षी मुलाचा विचार करत होतो. एके दिवशी जेवताना तो एवढंच म्हणाला की असलं काही आनुवंशिक असतं म्हणतात, आणि वरण वाढून घेतलं. तो विषय आमच्यापुरता तिथं संपला.

त्याच्या जागी प्रणय कुळमेथे खेळायला लागला. हा गडचिरोलीकडचा पोरगा त्याच हंगामात आमच्याकडे आला होता. आश्रमशाळेच्या सिमेंटच्या मैदानावर खेळ शिकलेला, उंच, हाडापेरानं मोकळा, आणि उडी अशी की वर गेलेला परत यायला विसरला की काय असं वाटावं. शंतनूनं त्याला हाताशी धरून तयार केलं होतं. तोही दादा, दादा करत शंतनूच्या मागे असायचा. कप्तानाची जागा मिळाली त्या दिवशी तो आमच्या घरी येऊन रडला होता. मग मैदानात उतरला आणि असा खेळला की आठवडाभरात लोक शंतनूचं नाव विसरले. संघ जिंकत राहिला. शंतनू बाकावर ट्रॅकसूट घालून बसायचा, टाळ्या वाजवायचा आणि घरी येऊन टीव्ही न लावता त्याच्यासमोर बसायचा.

अंतिम सामना आमच्याच स्टेडियममध्ये होता. बाहेर तुडुंब गर्दी, ढोलताशे, नारिंगी झेंडे. प्रणयच्या गावाहून दोन गाड्या भरून माणसं आली होती. त्याची आई पुढच्या रांगेत बसली होती, आणि एवढ्या उजेडात आपल्याला कोणी उठवणार तर नाही ना, अशा बेतानं खुर्चीच्या कडेला टेकली होती.

मी आतल्या खोलीत प्रणयच्या घोट्याला पट्टी बांधत होते. तो नेहमीसारखा पाय हलवत होता आणि मी नेहमीसारखी दटावत होते. मग तो जरा लाजत म्हणाला, “मॅडम, एक विचारू का? आज दादाचे नवे बूट घालू का मी? माह्या पायाले तेच बरोबर बसते. मीच तं रुळवले होते.”

मी विचारलं, रुळवले म्हणजे काय.

त्याला माझं नवल वाटलं. नवा बूट चावतो, हे तर कुणालाही ठाऊक आहे. बोरकुटे सरांच्या तरुणपणी मोहल्ल्यातल्या संघात बूट मोजकेच असायचे. कप्तानाला नवी जोडी आली की त्याच मापाच्या सगळ्यात लहान खेळाडूनं ती आधी आपल्या पायात घालायची, कातडं मऊ होईपर्यंत त्यातच सराव करायचा, आणि मग कप्तानाच्या पायाशी आणून ठेवायची. तो मान समजला जायचा. ती पद्धत सरांनी इथंही आणली होती. बायामाणसं कपडे बदलायच्या खोलीत जात नाहीत, आणि संघाचे बूट सगळे एकसारखे. त्यामुळे मला कधी दिसलं नाही. आणि शंतनूनं घरी सांगावं असं त्यात काही नव्हतंच. बूट एकमेकांचे वापरू नका, असं कंपनीनं बजावलं होतं, ते सगळ्यांनी ऐकलं होतं. पण रुळवणं म्हणजे वापरणं थोडंच, असं सगळ्यांनी मनाशी धरलं होतं.

“कधी रुळवलेस?” मी विचारलं.

“दिवाळी झाल्यावर. तवा दादा जुनेच घालून खेळे.”

“आणि सरावाआधी जे उभं राहता, तेव्हाही तुझ्या पायात तेच होते?”

“हो ना. दुसरं काय घालणार?”

सबनीसनं मला एकदा मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं की नवी जोडी मैदानावर आली की यंत्र जुनी जोडी आपोआप बाद करतं. कुणाला काही करावंच लागत नाही. म्हणजे त्या दिवसांत शंतनू मैदानावर असूनही यंत्राला दिसत नव्हता, आणि नवख्या प्रणयची नोंद कोरी आहे हे कुणी पाहिलं नव्हतं. शंतनूच्या नावावर यंत्र ज्याची छाती ऐकत होतं, तो हा प्रणय होता.

मला आधी आनंदच झाला. तो लपवण्यात अर्थ नाही. शंतनूला काही झालेलं नाही, त्याचं हृदय धडधाकट आहे, ते सगळे महिने खोटे होते. मला धावत जाऊन त्याला मिठी मारावीशी वाटली. मग माझ्या मांडीवरच्या त्या घोट्याकडे लक्ष गेलं. पट्टी अर्धी बांधून झाली होती. तो पाय हलवत होता आणि बाहेरच्या ढोलाच्या ठेक्यावर अंगठा नाचवत होता.

याचं नाव हिरवं का, हेही मग आपोआप उलगडलं. यंत्र प्रत्येकाची तुलना त्याच्याशीच करतं. प्रणय आला तेव्हाच त्याची लय चुकत होती. पहिल्या महिन्यात यंत्रानं तेच शिकून घेतलं: हा प्रणय, याचं असं. त्याचा आजार यंत्राच्या लेखी त्याचा स्वभाव होता.

मी शंतनूला घेऊन बोरकुटे सरांच्या खोलीत गेले. सबनीस तिथंच होता. मी सगळं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं, आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाले, “बाई, तुह्या नवऱ्याचं दुखणं त्या पोराच्या गळ्यात मारून राहिली का तू? तेही आज?”

त्यांचा दोष नव्हता. जगात ही गोष्ट सांगायला सगळ्यात नालायक माणूस मीच होते. माझ्या बोलण्यातलं पहिलं वाक्य, की त्याला काही झालेलं नाही, तेवढंच शंतनूला कळलं होतं, आणि त्याचा हात पुन्हा मनगटावर गेला होता.

शेवटी मी म्हटलं, वाद कशाला, करून बघू. शेजारच्या सरावाच्या मैदानाखालीही कानोसा होताच. प्रणयला शंतनूचे बूट घालायला दिले आणि शंतनूला प्रणयचे. आधी दोघांना मैदानाच्या चार फेऱ्या धावायला लावलं, मग मिनिटभर उभं केलं. प्रणयला ही काही तरी गंमत वाटत होती. तो हसू दाबून ताठ उभा राहिला.

फलकावर आधी शंतनूच्या नावाचा दिवा लाल झाला. तो प्रणय होता, आणि लय तीच होती, दोन ठोके घाईचे आणि तिसरा जवळजवळ नाहीच. मग प्रणयच्या नावाचाही लाल झाला. तो शंतनू होता, माझा धडधाकट नवरा, ज्याचं निरोगी हृदय त्या पोराच्या बुटात यंत्राला बिघाड वाटत होतं.

सबनीसचा चेहरा उतरला. त्याला माझ्याआधी सगळं कळलं होतं, हे स्पष्ट दिसत होतं. पण त्यानं घसा साफ केला आणि सांगितलं की अदलाबदल करून घेतलेली नोंद ग्राह्य धरता येत नाही. यातून काहीच सिद्ध होत नाही. अधिकृत नोंद आपापल्या बुटात होते तीच.

मी म्हटलं की मी या मुलाला तंदुरुस्त ठरवत नाही. त्यावर तो म्हणाला, “ते आता तुमच्याकडे नाही.”

सर दोन्ही लाल दिव्यांकडे बघत उभे होते. वाईट माणूस नव्हता तो. पद्धत त्यांनीच पाडली होती आणि तिचं काय झालं हे त्यांना दिसत होतं. पण त्यांचं सगळं आयुष्य या एका सामन्यासाठी गेलं होतं, आणि बाहेर लोक त्यांच्या नावानं ओरडत होते. ते म्हणाले, “आपापले बूट घाला.”

प्रणयनं आपले बूट घातले आणि उभा राहिला. हिरवा.

“हिरवा हाय ना?” सर कुणाकडेच न बघता म्हणाले. “मंग तो खेळते.”

तोवर प्रणयला समजलं होतं. त्याचं हसू गेलं होतं, पण घाबरला नव्हता. एकविसाव्या वर्षी मरणाला कोण घाबरतं. तो मला म्हणाला की आजवर खेळलोच ना, मग आज काय होणार. आई बाहेर बसली आहे, गाव बसलं आहे. मग तो शंतनूकडे वळला. “दादा, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं.”

मला आयुष्यात शंतनूचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. त्याला नुकतंच त्याचं आयुष्य परत मिळालं होतं, एक शब्दही त्याबद्दल न काढता तो म्हणाला, “बस रे पोरा. आज बस.”

प्रणय त्याच्याकडे पाहत राहिला. त्याच्या डोळ्यांत हळूहळू काय आलं ते मला दिसलं. दादाला स्वतःची जागा परत हवी आहे, असं त्याला वाटलं. तो वळला, बूट काढून बाकाखाली ठेवले आणि मोजे नीट करायला बसला.

माझ्या खिशात पट्ट्या कापायची कात्री होती, जाड कापडही सहज कापणारी. मी खाली वाकले, त्याचे बूट उचलले आणि टाचेपासून तळव्यापर्यंत कापत गेले. कुणाला कळायच्या आत दुसराही कापला. नवख्या खेळाडूला लीग एकच जोडी नोंदवू द्यायची. बिनचिपेच्या बुटांना मैदान बंद होतं. शंतनूच्या बुटात तो लाल होता. आता त्याला खेळवायचा एकही मार्ग उरला नव्हता.

सरांनी माझ्यावर हात उगारला आणि तसाच खाली घेतला. प्रणयनं दोन तुकडे हातात घेतले आणि जोडून पाहिले. नंतर मला म्हणाला, “मॅडम, तुम्ही माही आई असत्या तं असं नसतं केलं.”

आम्ही तो सामना हरलो. शंतनू लाल आणि प्रणय बिनबुटांचा. उरलेल्यांनी जीव तोडून खेळ केला आणि शेवटच्या क्षणी दोन गुणांनी हातचा करंडक गेला. प्रणयची आई शेवटपर्यंत मैदानाकडे पाहत होती. आपला मुलगा त्यात का नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

माझी नोकरी त्याच संध्याकाळी गेली. दुसऱ्या दिवसापासून सगळीकडे एकच कहाणी होती: नवऱ्याची जागा गेली म्हणून बायकोनं पोराचे बूट कापले. मी सगळ्यांना एकच सांगत होते, त्याची तपासणी करा. केली. त्याच रुग्णालयात, त्याच डॉक्टरांनी. सगळं स्वच्छ निघालं, आणि ते अगदी तेच वाक्य बोलले: आम्हाला काही सापडलं नाही, पण सापडलं नाही म्हणजे नाहीच, असं मी म्हणणार नाही. शंतनूच्या वेळी सगळ्यांनी या वाक्याचा उत्तरार्ध ऐकला होता. या वेळी सगळ्यांनी पूर्वार्ध ऐकला.

कंपनीनं सुधारणा केली. बुटांची अदलाबदल झाली तर आता यंत्र ओळखतं आणि दंड लावतं. पहिल्या महिन्याची पद्धत तशीच राहिली, कारण त्यात चूक आहे असं मान्य केलं तर देशभरातल्या मैदानांवरचे सगळे हिरवे दिवे संशयात येतात. आता तर शाळांतून कानोसा बसवायचं घाटत आहे. शंतनूचं नाव सबनीसनं एक बटण दाबून हिरवं करून दिलं. तो खेळायला गेलाही. पण झेप घ्यायच्या आधी क्षणभर तो आत काही तरी ऐकायचा, आणि तेवढ्यात चेंडू निघून जायचा. चार सामन्यांनंतर त्यानं निवृत्ती घेतली. एका धडधाकट माणसाला त्या यंत्रानं असं आजारी करून सोडलं.

प्रणय बंगळूरच्या संघात गेला. नवं मैदान, तीच यंत्रणा, पुन्हा एक महिना शिकणं. हा प्रणय, याचं असं. हिरवा.

मी त्याला पत्रं लिहिली, फोन केले. त्यानं माझा नंबर बंद केला. त्याच्या संघाच्या डॉक्टरांना लिहिलं. त्यांचं फार सभ्य उत्तर आलं. मग आम्ही दोघांनी एक वेडेपणा ठरवला. हृदय थांबलं तर विजेचा झटका देऊन चालू करणारी पेटी असते, हातात मावण्याजोगी. पूर्वी ती प्रत्येक स्टेडियममध्ये भिंतीवर असायची. कानोसा आल्यावर गरज उरली नाही म्हणून त्या सगळ्या काढून टाकल्या. आम्ही एक घेतली. प्रणयचा सामना असेल तिथं जायचं, मैदानाला सगळ्यात जवळच्या खुर्च्या धरायच्या आणि पेटी पायाशी ठेवून बसायचं. कोची, लखनऊ, गुवाहाटी. लोक सामना बघत आणि आम्ही एकाच माणसाची छाती बघत असू. त्यानं आम्हाला ओळखलं होतं. एकदा त्याच्या संघाच्या माणसानं येऊन सांगितलं की तुम्ही समोर बसलात की प्रणयचं लक्ष विचलित होतं. शंतनू म्हणाला, बरं, आणि आम्ही बाजूच्या खुर्च्यांवर सरकलो.

मग बंगळूरचा संघ नागपुरात आला. तीच इमारत, तोच दरवाजा, आणि मी पहिल्यांदाच तिकीट काढून आत गेले. लोकांनी प्रणयचं टाळ्यांनी स्वागत केलं आणि मला पाहून कुणीतरी शीळ घातली. राष्ट्रगीताला सगळे निश्चल उभे राहिले. वर फलकावर एकामागून एक दिवे लागले. सगळे हिरवे.

तिसऱ्या सत्रात तो उंच उडी मारून चेंडू घेऊन खाली आला. चेंडू दोन्ही हातांत होता. कुणीतरी हाक मारल्यासारखा तो जागच्या जागी थांबला, आणि मग पोतं पडावं तसा पडला. हात पुढे न करता.

पंचांनी आधी वर फलकाकडे पाहिलं. त्याच्या संघाच्या डॉक्टरांनी फलकाकडे पाहिलं. सगळ्या स्टेडियमनं पाहिलं. प्रणय कुळमेथे, हिरवा. मग घसरला असेल, उठेल, असं सगळ्यांना वाटलं, आणि सगळे थांबले.

आम्ही थांबलो नव्हतो. शंतनू कठड्यावरून मैदानात गेला होता. आत काही ऐकायला तो या वेळी थांबला नाही. आमचे पाय मैदानावर पडले तसा भोंगा वाजायला लागला, कारण आमच्या बुटांत चिपा नव्हत्या. फलकावर मोठी लाल अक्षरं आली की अनधिकृत व्यक्ती मैदानात आहेत. दोन रक्षकांनी मला धरलं. मी पेटी शंतनूकडे फेकली आणि त्यानं ती खेळाडूच्या हातांनी झेलली.

त्यानं त्या पोराचा शर्ट फाडला. मी सुटून पोचेपर्यंत तो छाती दाबत होता, आणि दाबताना सारखं एकच म्हणत होता, ऊठ रे, ऊठ. नाडी नव्हती. मी पेटीच्या पट्ट्या त्याच्या छातीवर चिकटवल्या. पहिल्या झटक्यानं काही झालं नाही. भोंगा वाजतच होता. तो बंद करा, असं मी ओरडले, पण तो बंद करायचा अधिकार कुणाचा हेच कुणाला माहीत नव्हतं. दुसऱ्या झटक्यानं माझ्या बोटांखाली काही तरी हललं. एक ठोका, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा.

प्रणयनं डोळे उघडले. वरच्या दिव्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग शंतनूवर नजर थांबली. ओठ हलले. भोंग्यात ऐकू येईना, म्हणून शंतनूनं कान त्याच्या तोंडाशी नेला.

“दादा,” तो म्हणाला, “बूट काढा माहे.”

शंतनूनं त्याच्या बुटांच्या नाड्या सोडल्या आणि दोन्ही काढून बाजूला ठेवले. वर फलकावर प्रणयचं नाव अजून हिरवंच होतं.